२०७ची सोयरीक

जुन्या गाडीचा पार्ट मागायला काउंटरवर उभं राहिलं की दुकानदार पार्टचं नाव सर्वांत शेवटी ऐकतो. आधी गाडीची चौकशी होते. कुठली? टाटा. टाटा कुठली? दोनशेसात. साधी का डीआय? डीआय. साल? स्टेअरिंग पॉवर का साधं? एवढं झाल्यावर तो मान वर करतो, चष्म्यावरून आपल्याला न्याहाळतो आणि विचारतो, "गाडी घरचीच का?" हो म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मी फक्त स्थळ बघून परत निघालेल्या वधूपित्याच्या चेहऱ्यावर पाहिलाय. घर चांगलं आहे हो, माणसंही बरी, पण मुलाचं वय फार दिसतंय.

त्याचं काही चुकत नाही. आमची २०७ डीआय २००६ सालची आहे. पासिंग एमएच ११, म्हणजे साताऱ्याचं. तिच्या वयाच्या कितीतरी पिकअप आता कुठल्या ना कुठल्या गॅरेजमागे विटांवर उभ्या आहेत. ही मात्र अजून कोरेगाव भागातली हळद आणि आलं घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डाला जाते आणि येताना पेंड, खत, कुणाच्या तरी लेकीचं रुखवत असं काय काय घेऊन येते. गाडी चालते. फक्त तिचा एखादा अवयव अधूनमधून संपावर जातो, आणि सातारा ते सांगली या पट्ट्यात तो अवयव परवडेल अशा भावात शोधून आणायचं काम माझ्याकडे येतं. दादा गाडी चालवतो, आबा गाडीवर ओरडतात, आणि घरात तेवढा शिकलेला म्हणून मी पार्ट आणतो. कला शाखेच्या पदवीचा असा उपयोग विद्यापीठाने धरलेला नसावा.

शिकलेला माणूस आधी काचेच्या दुकानात जातो. साताऱ्यातल्या अशाच एका दुकानात मी गेलो. एसी, गुबगुबीत खुर्ची, पाण्याची छोटी बाटली. टायवाल्या मुलाने आरसी बुकावरून चेसिस नंबर टाकला, त्यातून एक लांबलचक पार्ट नंबर काढला, बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "सर, हा पार्ट आता येत नाही."

"मग लोक काय करतात?"

"सर, लोक नवीन गाडी घेतात." आणि त्याने माझ्या हातात नव्या पिकअपचं माहितीपत्रक ठेवलं. मला हवी होती वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप. हजार-दोन हजारांची वस्तू.

माहितीपत्रक आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींना दाखवलं. गुळगुळीत कागद होता, त्यावर त्यांनी ग्रीसचे हात पुसले.

"येत न्हाई म्हंजे काय? दोनशेसात बंद झाली आसंल. तिचं खानदान बंद झालंय का?"

आणि मग बोनेटवर टेकून मिस्त्रींनी मला आमच्या गाडीचं कूळ सांगितलं. मी ते नंतर ताडून पाहिलं. सालांत थोडं इकडेतिकडे होतं, नात्यांत एकही चूक नव्हती.

मोठ्या ट्रकांची सवय असलेल्या टाटांनी १९८८ साली पुण्यात टाटामोबिल नावाची पिकअप काढली. तिचा आकडा २०६. याच सांगाड्यावर १९९१ला सिएरा आली, १९९२ला इस्टेट, १९९४ला सुमो आणि १९९८ला सफारी. म्हणजे ज्या सिएराच्या न उघडणाऱ्या मागच्या काचेतून शहरातली श्रीमंत पोरं जगाकडे बघत होती, ती सिएरा आणि आमची हळदीने पिवळी झालेली गाडी एकाच वाड्यात वाढलेल्या आहेत. इंजिनाची बाजू आणखी वेगळी. डीआयचं २,९५६ सीसीचं इंजिन ४०७च्या घरातलं. ही ४०७ १९८६ साली आली. तेव्हा हलक्या ट्रकांच्या बाजारात जपानी भागीदारीतल्या गाड्यांचा बोलबाला होता, डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी. त्यांच्यासमोर ४०७ टिकली आणि पुरून उरली.

"तर ही आईकडनं सिएरा, बापाकडनं चारशेसात," मिस्त्री म्हणाले. "एवढी भावकी आसल्यावर गाडी अडंल का? फकस्त दुकानात जाऊन दोनशेसात म्हनू नगा. पाव्हण्यांचं नाव सांगा."

हे एक वाक्य मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वॉटर बॉडी ४०७च्या नावाने मागितली, मिळाली. दाराचं हँडल सुमोचं मागितलं, मिळालं. शिवाय दुकानदाराने रंग विचारला, म्हणजे निवडीला वाव होता! नाव तेवढं बदललं, वस्तू त्याच कपाटातून निघाली. फक्त २०७ म्हटल्यावर त्या कपाटाला कुलूप होतं.

यामागे जादू नाही, हिशोब आहे. बाहेरचा कारखानदार एखाद्या पार्टची डाय बनवतो तेव्हा तो एवढंच बघतो की रस्त्यावर या जातीच्या गाड्या किती आहेत. सुमो गावोगाव वडाप करत फिरली, ४०७ दुधापासून वाळूपर्यंत सगळं ओढत फिरली, त्यामुळे त्यांचे पार्ट अजून ढिगाने बनतात आणि ढिगाने बनतात म्हणून स्वस्त असतात. आपली गाडी किती चांगली होती याला किंमत नाही. तिचे नातलग किती जिवंत आहेत याला आहे. ऑल्विन-निसानची गाडी वाईट नव्हती. पण त्या ऑल्विनचा कारभार पुढे महिंद्राकडे गेला, डीसीएमने टोयोटा सोडून देवूशी घरोबा केला, आणि ज्यांनी घामाच्या पैशांनी त्या गाड्या घेतल्या होत्या ते मालक पोरके झाले. भावकी नसलेल्या गाडीला साधी रबरी नळी मिळवायलाही नवस बोलावा लागतो. भावकी आम्हालाही आहे, तिचा उपयोग आजवर फक्त बांधावरच्या भांडणात झाला. गाड्यांचं बरं चाललंय.

पार्टचं गोत्र जमलं म्हणजे काम झालं असं नाही. मग जात निघते. काउंटरवर एकाच वस्तूच्या तीन-चार पेट्या ओळीने मांडल्या जातात आणि दुकानदार प्रत्येकीवर बोट ठेवत जातो. "ही कंपनी. ही ओईएम. ही लोकल, पण ब्रँडेड. आणि ही चालू." चालू म्हणजे चालेल असा अर्थ नव्हे. कंपनी आणि ओईएम यांतला फरक समजायला मला बराच काळ लागला. गाडी बनवणारी कंपनी ब्रेक, क्लच, बेअरिंग असले बहुतेक भाग स्वतः बनवतच नाही, दुसऱ्यांकडून घेते. तोच कारखाना तीच वस्तू स्वतःच्या पेटीत घालून बाजारातही विकतो. वस्तू एक, पेट्या दोन, आणि भावांत एवढं अंतर की पेटी चंदनाची असावी असं वाटतं. म्हणून आमच्या मिस्त्रींचा दंडक असा: ब्रेक आणि स्टेअरिंगला हात आखडायचा नाही, तिथे ओईएमच्या खाली उतरायचं नाही, बाकी आरसे, हँडलं, दिवे यांना चालू चालतं, कारण तसंही कुणीतरी बैलगाडी घासून जाणारच आहे.

या पेट्यांचा भूगोल वेगळाच आहे. पिस्टन-रिंगा राजकोटच्या, नटबोल्ट लुधियानाचे, बिडाचं काम कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं आणि ज्याचा बाप सांगता येत नाही तो सगळा "दिल्ली माल". दिल्लीला काश्मिरी गेट नावाची एक अवाढव्य पार्टपेठ आहे. पण आमच्याकडे "दिल्ली माल" म्हणताना दुकानदाराचा आवाज एकदम घरगुती होतो.

"याची गॅरंटी काय?"

"आहे की. दुकानाची पायरी उतरेपर्यंत."

भाव सांगताना जीएसटीचा उल्लेख हटकून होतो. पूर्वी काही सुट्या भागांवर १८ टक्के होता, काहींवर २८. २२ सप्टेंबर २०२५पासून सगळ्यांवर सरसकट १८ झाला. हे वर्तमानपत्रात वाचून मी मोठ्या उत्साहाने दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "बरोबर आहे साहेब, पण हा जुना स्टॉक आहे." थोड्या वेळाने दुसऱ्या एका पार्टची पेटी त्याने पुढे केली. तिचा भाव आधीपेक्षा जास्त का, असं विचारलं. तर हा नवा स्टॉक होता.

आणि मग नमुन्याचा नियम. जुना पार्ट खोलून बरोबर नेल्याशिवाय नवा घ्यायचा नाही. फोटो चालत नाही, माप चालत नाही, वर्णन तर मुळीच नाही. कारण एकाच सालात कारखान्याने मार्चपर्यंत एक बुश घातलेला असतो आणि एप्रिलपासून दुसरा, आणि दोघांत फरक एका सुताचा. त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये उघडी पडलेली आणि तिचा अवयव पिशवीत घेऊन मी एसटीत, हे दृश्य सातारा-सांगली गाडीच्या काही कंडक्टरांच्या परिचयाचं आहे. पिशवी कापडी, तिच्यात प्लॅस्टिकची दुसरी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र, आणि तरीही उतरताना विजारीवर ग्रीस. एकदा कराडच्या स्टँडवर मिस्त्रींचा फोन आला. गर्दीत ऐकू येईना म्हणून मी मोठ्याने बोलत होतो. "हो, बॉडी माझ्याकडेच आहे. पिशवीत. नाही, कुणाला दाखवली नाही अजून. सांगलीत गेल्यावर बघतो काय करायचं तिचं. हो ना, कालपासून पाणी सुटलंय तिला." फोन ठेवला तेव्हा शेजारच्या मावशी उठून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर गेल्या होत्या आणि तिथून माझ्या पिशवीकडे बघत कंडक्टरच्या कानाशी लागल्या होत्या. पिशवी उघडून दाखवावी लागली. कंडक्टरने वॉटर बॉडी हातात घेऊन फिरवून बघितली आणि म्हणाला, "चारशेसातची हाय. सील गेलंय." त्याच्या भावाचा टेम्पो होता.

साताऱ्यात भागलं नाही की सांगली. सांगलीचा शंभर फुटी रस्ता मला फार आवडतो. विष्णुदास भाव्यांच्या काळापासून नाटकाचं म्हणून नावाजलेलं हे गाव, पण खरा रंगमंच तिथे आहे. गॅरेज, वेल्डिंग, कुशनवाले, रेडिएटरवाले, कमानपाटे भरून देणारे. रस्ताभर गाड्यांची शस्त्रक्रिया उघड्यावर चाललेली. पाटे उतरलेल्या गाडीची कमान पुन्हा उभी करताना घणाचे ठोके पडतात ते तिथे उभं राहून ऐकावेत. नवा पाटा घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात होतं, आणि आमच्या गाडीला त्याची गरज वारंवार पडते. आपल्याकडे सातारा ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण सुरू असल्यापासून कमानपाटे, शॉकअप आणि बॉल जॉइंट यांचा खप कधी मंदावलाय असं मला कुणी सांगितलेलं नाही. वळण रस्ता, त्याच्यातून दुसरा वळण रस्ता, त्यावर गतिरोधक. रस्ता पूर्ण होईल तेव्हा गाड्या नव्या असतील, कारण जुन्या त्याच्याखाली गेलेल्या असतील.

तर सांगलीतले जुन्या पार्टांचे एक चाचा. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. बाहेर इंजिनांच्या रांगा, आत दारं, डॅशबोर्ड, गिअरबॉक्स, सायलेन्सर, आणि छताला टांगलेली स्टेअरिंगची चाकं. संगणक नाही, वही नाही, बोर्डवर नावसुद्धा नाही. चाचा खुर्चीत बसून नमुना हातात घेतात, वजनाचा अंदाज घेतात, बोटाने कडा चाचपतात आणि पोराला सांगतात, "डावीकडं, सफारीच्या दाराखाली, निळ्या पिंपात बघ." पोरगा जातो, खडखडाट होतो, आणि वस्तू येते. साताऱ्याच्या काचेच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरला जे सापडलं नव्हतं ते निळ्या पिंपात सापडतं.

पण सांगलीत जुना पार्ट घेताना एक प्रश्न विचारायचाच असतो. पुरातला आहे का? २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. निम्मी सांगली पाण्यात होती. माणसांच्या संसाराबरोबर गाड्याही बुडाल्या. अशी गाडी बाहेरून धुऊन पुसून नवरीसारखी दिसते, पण बेअरिंगच्या पोटात आणि सेल्फच्या गुंडाळीत कृष्णामाईचा बारीक गाळ बसलेला असतो, तो वर्षभराने बोलतो. हा प्रश्न विचारला की चाचा दुखावतात. छातीवर हात ठेवतात. मग पार्ट उलटा करून आतल्या खाचेत काडी घालून दाखवतात. काडीला तेल लागलं तर सौदा, माती लागली तर चाचाच तो पार्ट बाजूला फेकतात आणि पोराला शिव्या देतात. पोरगा निर्विकार असतो. तो पार्ट संध्याकाळपर्यंत परत निळ्या पिंपात जात असणार असा माझा संशय आहे, पण मी तो बोलून दाखवलेला नाही.

भावाचं मात्र वेगळंच. चाचांनी गिअरबॉक्सचा पहिला भाव सांगितला तेव्हा मी निम्म्याने मागितला. ते माझ्याकडे बघतच नाहीत. मग विचारतात, "गाव कुठलं?"

"कोरेगाव तालुका."

"कोरेगावात कुठं?"

मी सांगितलं. मग त्यांनी त्या गावात कुणाकुणाला ओळखता, रहिमतपूरला कुणी आहे का, पुसेसावळीच्या बाजारात बैल कुणाकडून घेता अशी चौकशी केली. शेवटी निघालं असं की त्यांच्या धाकट्या भावाचा टेम्पो एकदा आमच्या गावच्या ओढ्यात रुतला होता आणि तो आबांनी बैलजोडीने ओढून काढला होता. आबांना हे आठवतही नव्हतं. पण चाचांना होतं, आणि त्या बैलजोडीच्या जोरावर गिअरबॉक्सचा भाव घसरला तो थेट मी मागितला त्याच्याही खाली. वर चहा. म्हणजे गाडीची भावकी कळली तर पार्ट मिळतो, आणि मालकाची कळली तर परवडतो. ज्याला दोन्ही नाही त्याने शोरूमला जावं, तिथे पाण्याची बाटली फुकट आहे.

कुणाला वाटेल, हे भंगारातून उचलून संसार करणं जरा कमीपणाचं आहे. आमच्या भागात तसं वाटायचं कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना घातला, ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नांगर ओतायला लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, अशी हकिगत आमच्याकडे अजून सांगतात. जिथे तोफेचा नांगर झाला तिथे सुमोच्या हँडलने २०७चं दार उघडलं तर बिघडलं काय? साताऱ्याचंही तसंच. इथल्या कूपरांचा कारखाना १९२२चा, आधी नांगर, मग १९३०च्या दशकात डिझेल इंजिन. त्यांचे धनजीशा कूपर १९३७मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, आणि ते त्या पदावरचे पहिले गृहस्थ. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.) इंजिनाचं तेल अंगाला लागलेला माणूस तिथवर पोचला. हल्ली तेल लावणारे पोचतात. त्या कारखान्यातले सिलिंडर लायनर आज परदेशी इंजिनांत जाऊन बसतात, आणि मी त्याच साताऱ्यात लायनरच्या नमुन्याची पिशवी घेऊन पोवई नाक्यावर रिक्षा शोधत उभा असतो.

ऑनलाइनचाही प्रयोग झाला. पुतण्याने मोबाइलवर पार्ट मागवला, फोटो हुबेहूब, भाव निम्मा, "तुमच्या गाडीला बसेल" अशी हिरवी खूणसुद्धा. आलेली वस्तू सुंदर होती. कुठल्यातरी गाडीला ती बसत असेलच. सध्या ती आमच्या देवघराजवळच्या खिडकीला टेकू म्हणून बसलीय, तिथे मात्र चपखल.

आणि जिथे सगळी भावकी संपते तिथे लेथवाला सुरू होतो. कुपवाडच्या एमआयडीसीत एका गाळ्यात हा माणूस बसतो. त्याला गाडीचं नावच लागत नाही. नमुना झिजलेला असला तरी तो व्हर्नियर लावतो, झिजण्यापूर्वी तो केवढा असेल याचा विचार करतो, आणि गनमेटलच्या कांबीतून नवा बुश कातून देतो. इंजिनाचं काम करतानाही असंच. बोअर झिजला की तो थोडा मोठा करायचा आणि पाव किंवा अर्धा मिलिमीटर जाडा पिस्टन घालायचा. कारखाना बंद पडला, मॉडेल बंद झालं, कंपनी विकली गेली, तरी पाव मिलिमीटर ही वस्तू बाजारातून कुणी काढून घेऊ शकत नाही. लेथवाल्याचा एकच दोष. तो "परवा या" म्हणतो. हा परवा कॅलेंडरात नसतो. पण वस्तू देतो तेव्हा अशी देतो की मिस्त्री तिला कपाळाला लावतात, आणि मजुरी सांगतो तेव्हा आपल्यालाच संकोच होतो.

घरी या सगळ्याचा हिशोब ठेवणारे एक गृहस्थ आहेत, आमचे पुण्याचे दाजी. ते दिवाळीला आले की गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतात, टायरला लाथ मारतात आणि म्हणतात, "काढून टाका हो. या वर्षी हिच्यावर जेवढं घातलंत तेवढी हिची किंमत तरी आहे का?" दाजींचं गणित बरोबर आहे. पण नवी पिकअप घ्यायची तर कित्येक वर्षं हप्ता, आणि हप्ता हा असा पार्ट आहे की तो दर महिन्याला बदलावाच लागतो आणि त्यात दिल्ली माल येत नाही. आबा एवढं लांबण लावत नाहीत. ते विचारतात, "दाजी, तुमची आल्ती ती गाडी किती वर्सं झाली?" चार. "आन् हप्ते?" दाजी मग फराळाचं विचारतात.

सरकारचं मत दाजींच्या बाजूने आहे. ऑगस्ट २०२१मध्ये जुनी वाहनं मोडीत काढायचं धोरण आलं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं, तेव्हा दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक सगळं दाखवावं लागतं. ते योग्यच आहे, आमच्या गाडीखाली कुणी येऊ नये असं मलाही वाटतं. पासिंगच्या आदल्या आठवड्यात आमची गाडी वर्षातली सर्वांत निरोगी असते. २०१९पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षित नंबरप्लेटची सक्ती आली, तिची मुदत इतक्यांदा वाढली की तेवढ्यात आणखी एखादी वॉटर बॉडी बदलून झाली. प्लेट आता बसलीय. गाडीवर ती एकमेव नवी कोरी, ओरिजिनल, कंपनी फिटिंगची वस्तू.

मध्यंतरी बातमी आली की टाटांनी सिएरा पुन्हा आणली. नोव्हेंबर २०२५, किंमत साडेअकरा लाखांच्या आसपासपासून. मी बातमी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, मावशी परत आलीय, आता पार्टांची ददात नाही. मिस्त्रींनी मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला, खाली वाकून आमच्या गाडीच्या पोटात बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाले, "नाव तेवढं तिचं हाय. रक्त वेगळं हाय. हिचा एक नट आपल्याला बसायचा न्हाई." असं अनेक मोठ्या घराण्यांबाबत म्हणता येईल, पण तो विषय वेगळा.

आता मुद्द्याचं. आमच्या गाडीच्या डाव्या दाराची काच वर-खाली करायची मशीन गेलेली आहे. काच सध्या पाचरीवर उभी आहे आणि पाऊस तोंडावर आलाय. २०६, २०७, सुमो, इस्टेट किंवा जुन्या सिएराची मशीन कुणाच्या अडगळीत पडली असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. हँडल नसलं तरी चालेल, ते आमच्याकडे तीन आहेत. पैसे रोख देऊ, वर घरची हळद किलोभर. कळवताना गाव आणि आडनाव न विसरता लिहावं, काही ना काही नातं निघेलच. मशीन पुरातली नसावी.